देशकरानं पाडलेले तांदूळ

सुधाकर देशकर वरून वस्तू खाली टाकतो.

बालाघाटात बसस्टँडच्या बाजूला एक दुमजली कॉम्प्लेक्स आहे. त्याच्या वरच्या गॅलरीत उभा राहून तो एकेक वस्तू कठड्याबाहेर सोडतो. कडुनिंबाचं पान, कापसाचा पुंजका, झेंडूची पाकळी, कोंबडीचं पीस. सोडली की कठड्यावर पोट टेकवून वाकतो आणि ती जमिनीला लागेपर्यंत श्वास घेत नाही. एकदा त्यानं मूठभर भाताचा कोंडा सोडला. खाली टेलर बसतो. तो ओरडला, "ओ दादा, ये क्या गिरा रहे हो? ग्राहक का सूट है!"

"थोडा रुको भैया," वरून उत्तर आलं, "अभी हवा का टेस्ट चालू है."

टेलर कात्री घेऊनच जिना चढला. थोड्या वेळानं लोकांनी पाहिलं तर टेलर वर उभा राहून कोंडा टाकत होता आणि सुधाकर खाली रस्त्यावर मान वर करून उभा होता. त्याला खालून बघायचं होतं. मागे ऑटोवाले हॉर्न वाजवत होते, पण याचं लक्ष कोंड्यात.

यावरून आमच्या गावानं ठरवून टाकलं की देशकर वेडा आहे. मी म्हणतो, वेडा असता तर बरं झालं असतं. वेड्यावर कोणी रागावत नाही. मी या माणसावर गेली कित्येक वर्षं रागावलेलो आहे. आधी चुकीच्या कारणासाठी होतो, आता बरोबर कारणासाठी आहे. पण त्याआधी मला आमच्या वॉर्डावर रागवायचं आहे. मी रामटेके. उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीत टाइमकीपर होतो, रिटायर होऊन बालाघाटला घर बांधलं. आमच्या वॉर्डात सगळी बौद्ध घरं, निम्म्यांची सोयरीक भंडारा-गोंदियाकडची. या वॉर्डात आजही सांगतात की देशकरानं रामटेकेच्या पोरीच्या लग्नाच्या फिल्ममध्ये अक्षता पाडल्या. मुद्दाम पाडल्या. त्याच्या घरात अक्षता चालतात, म्हणून आमच्या माथी मारल्या.

ते तांदूळ नव्हते. मागच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहून हे सांगितलं. तर मागून एक जण म्हणतो, "रामटेके बाबू, काहून खोटं बोलता? मी सोताच्या डोयानं पाह्यले. तांदूळच होते."

मी म्हटलं, "बाबू, तू तेव्हा पाळण्यात असशील."

"मंग काय झालं? आईच्या मांडीवरून पाह्यले."

हसले सगळे. ज्यांना खरं ऐकायचं नसतं ते असे हसतात. म्हणून लिहून ठेवतो आहे. सुधाकरनं मला स्पष्ट सांगितलं आहे, "लिहू नका." त्याचं मी आयुष्यात एकदाही ऐकलेलं नाही, आता काय म्हणून ऐकू?

तर सुधाकर लग्नाच्या फिल्म बनवतो. कॅमेरा दुसरे चालवतात. तो ती सगळी शूटिंग कापतो, जोडतो आणि वरून शोभा टाकतो. शोभा म्हणजे नवरीवर पडणाऱ्या पाकळ्या, दोघांच्या नावाभोवती फिरणाऱ्या चांदण्या, हार घालताना उडणारी सोनेरी धूळ. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं. मोठ्या सॉफ्टवेअरला एक छोटं सॉफ्टवेअर जोडतात, त्याला प्लगिन म्हणतात. कणांच्या प्लगिनमध्ये तुम्ही सांगायचं की कण कुठून निघावा, किती जड असावा, वारा कुठून यावा आणि कण किती वेळ जगावा. 'जगावा' हा शब्द माझा नाही. तिथे खरोखर एक रकाना असतो आणि त्यात कणाचं आयुष्य भरावं लागतं. आयुष्य संपलं की कण असेल तिथे नाहीसा होतो. तो जमिनीवर पोचला होता की नाही, याची चौकशी कोणी करत नाही.

सुधाकर करतो. तेवढी एकच चौकशी करत तो म्हातारा झाला.

आमचं बोलणं होतं तेव्हा एकदा आम्ही दोघं एकाच वेळी केस कापायला बसलो होतो. समोर टीव्हीवर कुठल्याशा उमेदवाराची जाहिरात लागली. उमेदवार हात जोडून चालतोय, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत. सुधाकर गळ्याभोवतीच्या कापडासकट उठून उभा राहिला. "मेली! पाहा, पाहा, हवेत मेली! छातीपरेंत आली अन् मेली! अबे जीव किती देला तिले? दोन सेकंद? पायापरेंत तं येऊ दे न बाप्पा!"

न्हावी घाबरला. त्याला वाटलं उमेदवारच गेला.

"अन् ह्या," सुधाकर पडद्याजवळ जाऊन बोट लावून म्हणाला, "ह्या सगळ्या एकच पाकळी आहे. एकीले पाहून हजार छापल्या. सगळ्या एकाच बाजूनं फिरून राह्यल्या, कवायत असल्यावानी. झाडाले शरम वाटंन."

अर्धे केस कापलेल्या अवस्थेत तो त्या जाहिरातवाल्यांना फोन लावायला निघाला होता. नंबर कुठला लावणार? त्यानं केबलवाल्याला लावला. केबलवाला म्हणाला, "दादा, मैं तो सिर्फ तार जोड़ता हूँ."

'जीव किती देला' हा त्याचा कायमचा प्रश्न. लग्नात जेवायला बसला आणि शेजारच्या स्टेजवर स्प्रेचा फेस उडाला, की याचा घास हातात थांबतो. दिवाळीत अनार लावला की पोरं टाळ्या वाजवतात, हा ठिणग्या जमिनीवर कशा विझतात ते उकिडवा बसून बघतो. त्याच्या शर्टांना त्यामुळे बारीक भोकं असतात. कणांचे तयार नमुने विकत मिळतात, त्यांना प्रीसेट म्हणतात. बटण दाबलं की पाऊस, बटण दाबलं की धूर. तयार नमुना वापरणाऱ्याला तो 'हॉटेलात जेवणारा' म्हणतो. गावातल्या नव्या पोरांची फिल्म दोन दिवसांत तयार होते. सुधाकरची कधी होते ते विचारू नका. एका घरात लग्नाची फिल्म बारशाच्या दिवशी पोचली. पाळणा एकीकडे, टीव्हीवर मायबापाची हळद दुसरीकडे. नव्या बाळाच्या आजोबांनी विचारलं, "देशकर, आता ह्याचं लग्न कव्हा धराचं ते सांगून द्या, त्याची तरी फिल्म येळेवर येईन."

आणि एवढा वेळ घेऊन चुका कमी होत्या म्हणता? वनखात्यातल्या एका साहेबांच्या निरोप समारंभात त्यानं सागाची वाळलेली पानं पाडली. एवढी पाडली की साहेबांच्या बायकोचा सत्कार पानांच्या मागे झाला. बाई आजही म्हणतात, माझा एकही फोटो आला नाही. एका पोराच्या वाढदिवसाला पाळण्याखाली ढग सोडले, तर आजी "घर पेटलं" म्हणून बादली आणायला धावली. एका जोडप्याच्या फिल्ममध्ये काश्मीर हवं होतं. सुधाकरनं बर्फ पाडला. पण सुधाकरनं बर्फ कधी पाहिला नव्हता, त्यानं सावरीचा कापूस पाहिला होता. त्यामुळे बर्फ थोडा खाली येई, थोडा वर जाई आणि खिडकीतून आत शिरे. रजेवर आलेला एक फौजी म्हणाला, "दादा, मैं वहीं से आ रहा हूँ. बर्फ ऊपर नहीं जाती."

सुधाकर म्हणाला, "आपने ठीक से देखी नहीं होगी."

असा माणूस. चूक मान्य करणं त्याला येतच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तो एकदा 'चूक झाली' म्हणाला आहे आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आमच्या वॉर्डातली बहुतेक लग्नं त्याच्याकडे असत. हिंदू माणूस, पण आमच्या लग्नाची रीत त्याला पाठ होती. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, जयमंगल गाथा, मग फुलांचा वर्षाव. आमच्यात अक्षता नाहीत. आमच्या वडिलांच्या पिढीनं जुने विधी सोडले तेव्हा अक्षताही सोडल्या आणि त्या सोडायला त्यांना काय किंमत पडली ते आम्हाला ठाऊक आहे. सुधाकरला हे समजवावं लागत नसे. उलट तो म्हणायचा, "तुमचंच लग्न मले आवडते. तांदूळ काय, टाकला का संपला. फूल येते कसं, झुलत झुलत." आमच्या घरी यायचा तेव्हा माझ्याशी भांडायचा आणि शांताच्या हातचं जेवून जायचा. शांता माझी बायको. ती त्याला चमकीभाऊ म्हणायची, मला साहेब. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, आई होती तोवर आईजवळ राहिला. मी कधी विचारलं नाही, लग्न का केलं नाही म्हणून. शांतानं विचारलं होतं. तो म्हणाला होता, "वहिनी, सगळ्याईचं पाहता पाहता माहं राहून गेलं."

माझ्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न थंडीत झालं. फिल्म अर्थातच आली नाही. संक्रांत गेली, होळी गेली. मी रोज फोन करायचो. तो म्हणायचा, "होऊन राह्यली, भाऊ. एक वस्तू याची आहे." कुठली वस्तू, कुठून यायची, सांगायचा नाही. मला वाटायचं एखादा पार्ट रायपूरहून मागवला असेल. चैत्र संपता संपता फिल्म आली.

तेव्हा वॉर्डात पद्धत होती की फिल्म विहारासमोरच्या अंगणात पडदा लावून सगळ्यांनी मिळून पाहायची. पडदा म्हणजे चादर, आणि प्रोजेक्टर कोणाच्या तरी ऑफिसातला. बायका पुढे, पुरुष मागे, पोरं पडद्याच्या उलट बाजूला. जयमंगल गाथा सुरू झाली. प्रज्ञा आणि जावई हात जोडून उभे. आणि वरून पडायला लागलं पांढरं, बारीक, सरळ. पाकळी झुलते, फिरते. हे झुलत नव्हतं. टपकत होतं. त्यांच्या खांद्यावर पडून थोडं उसळत होतं.

पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हटलं, "माय, अक्षदा!"

पुढचं मी केलं. चादरीसमोर जाऊन उभा राहिलो, तांदूळ माझ्या अंगावर पडत होते, आणि सगळ्या वॉर्डासमोर सुधाकरला विचारलं, "हे काय पाडलं तू? आमच्या घरात? आमच्या गाथेवर?"

तो प्रोजेक्टरशेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बायकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "चूक झाली."

"चूक का मुद्दाम?"

"चूक झाली, रामटेकेभाऊ. दुसरीवाली फाइल लागली."

वायर काढली, प्रोजेक्टर बंद केला आणि चप्पल हातात घेऊन गेला. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डातलं एकही लग्न त्याच्याकडे गेलं नाही. वारासिवनी, रामपायलीकडचे आमचे नातेवाईकही थांबले. मी स्वतः फोन करून थांबवले. शांता तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, पोरीची फिल्म बिघडली म्हणून दुःखात आहे. मी तिची समजूत काढत होतो! म्हणालो, "तू मनाला लावून घेऊ नकोस, त्या देशकराला मी सोडणार नाही." ती म्हणाली, "सोडा आता त्यायले." मी तिच्या भल्या स्वभावाचं कौतुक केलं.

तिला जाऊन आता काही वर्षं झाली.

यंदा उन्हाळ्यात प्रज्ञाकडे भिलाईला गेलो होतो. जावयानं भिंतभर टीव्ही घेतला आहे. नातीनं आईच्या कपाटातून ती जुनी फिल्म काढली आणि लावली; शांतानंच ती तिथे पोचवली असणार. मी म्हणालो, "बंद कर, त्यात अक्षता आहेत." पण तोवर गाथा सुरू झाली होती आणि वरून पडायला लागलं होतं.

त्या चादरीवर जे दाणे दिसले होते ते या टीव्हीवर दाणे नव्हते. फिकट पिवळसर, गोल, फुगीर, तोंडाशी बारीक छिद्र. प्रत्येक वेगळं. एक जरा चेपलेलं, एकाचं देठाकडचं टोक तांबूस. ज्याचं आयुष्य बैहर-उकव्याच्या जंगलात गेलं त्याला ते ओळखायला चष्मा लागत नाही.

मोह. मोहाची फुलं.

नात म्हणाली, "नानाजी, ये ग्रेप्स हैं क्या?"

इथे मला माझ्याबद्दल दोन वाक्यं लिहावी लागतील. मी खाणीच्या वस्तीत दारूबंदीसाठी आयुष्यभर भांडलो. मोहाची दारू काय करते ते मी घराघरात पाहिलं होतं, म्हणून माझ्या घरात मोहाचं नावसुद्धा चालत नसे. शांता माहेरून वाळलेला मोह आणायची, तिळासोबत कुटून लाडू करायला. एकदा मी ते गाठोडं उचलून नाल्यात टाकलं. तिनं पुन्हा कधी मोह आणला नाही. मी ते माझ्या तत्त्वाचं यश समजलो.

आणि आमचं लग्न तिच्या गावी झालं होतं, उकव्याच्या पलीकडे, चैत्रात. गुलाब आणायला गेलेला माणूस बस चुकल्यामुळे आलाच नाही. तेव्हा गावच्या बायकांनी पहाटे झाडाखालून वेचलेल्या टोपल्या आणल्या आणि गाथेच्या वेळी आमच्यावर मोह टाकला. माझे ऑफिसातले मित्र हसले. "नवरदेव पहिलेच घेऊन आला वाटते, वास येऊन राह्यला," म्हणाले. मला एवढी लाज वाटली की पुढे मी हे कोणालाही सांगितलं नाही. प्रज्ञालाही नाही. स्वतःला तर मुळीच नाही.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की शांताला लाज वाटली नव्हती.

भिलाईच्या बसमधून उतरलो तो घरी न जाता थेट कॉम्प्लेक्सचा जिना चढलो. सुधाकर खुर्चीत बसून पडद्यावर काहीतरी पाडत होता. मला पाहून त्यानं खुर्ची फिरवली. एवढ्या वर्षांनी समोरासमोर आलो होतो. मी नमस्कार वगैरे केला नाही.

"मोह होता तो!" मी ओरडलो.

"हौ," तो म्हणाला.

"मग काहून नाही सांगितलं? एक शब्द बोलला असता! मी साऱ्या वॉर्डासमोर तुला..."

"वहिनीनं सांगतलं होतं, साहेबाले सांगू नोका म्हणून."

"पण मी तुझा धंदा बुडवला!"

"तुम्ही ओरडले, भाऊ. ओरडल्यानं काय होते?"

"अरे, पण तांदूळ म्हणून का घेतलं अंगावर? मोह आहे असं तर म्हणायचं!"

"अन् मंग?" आता तोही तापला. "मंग तुम्ही विचारलं असतं कोणं सांगतलं. तुम्ही, दारूबंदीवाले. साऱ्या बायका बसल्या होत्या, वहिनी तिसऱ्या रांगेत. विहारासमोर मोह पाडला म्हणून तिले खाल्लं असतं सगळ्याईनं. मले काय, मी तं बाहेरचा. मले खाऊन कोणाचं पोट भरते?" मग म्हणाला, "अन् चूक तं होतीच. फूल मी लहान ठेवलं. तोंडं झाकतीन म्हणून. त्या चादरीवर दाणे दिसले. माही चूक."

माझा संताप कुठे ठेवावा ते मला कळेना. म्हणजे हा माणूस फौजीसमोर बर्फाची चूक कबूल करत नाही, सागाच्या पानांची करत नाही, आणि जिथे त्याची चूक नाही तिथे एवढी वर्षं शांत बसून ती सांभाळतो! मला वर्षानुवर्षं चुकीचं वागू दिलं! मी त्याला म्हणालो, "तुझ्यासारखा हलकट माणूस मी पाहिला नाही."

"बसा," तो म्हणाला. "एक दाखवतो. रागावसान नाही तं."

त्यानं एक जुनी फाइल उघडली. मला वाटलं फिल्मचा तुकडा असेल. पडद्यावर काळं होतं, सगळं काळं, आणि मध्ये वरून एक हात आला. बांगड्या मागे सारलेल्या. बोटांत एक मोहाचं फूल.

फूल सुटलं. खाली पडलं. हात परत गेला, दुसरं फूल घेऊन आला.

"नमुना घेत होतो," सुधाकर म्हणाला. "कॉम्प्युटरातलं खोटं दिसत होतं. वहिनी म्हणल्या, मीच टाकून दाखवते कसं पडते ते. त्याच्याचसाठी चैतपरेंत थांबलो न."

मग आवाज आला. शांताचा. मी तिचा आवाज कुठे साठवून ठेवलेला नव्हता. तेव्हा आमच्याकडे तसे फोन नव्हते आणि नंतर सुचलं नाही.

"असं टाकू?"

"हळू वहिनी. हात दिसून राह्यला."

"हात दिसंन नाही तं काय? भूत टाकून राह्यलं काय मोह?" आणि ती हसली. घरात माझ्यासमोर ती असं हसत नसे. "ओ चमकीभाऊ, तुमच्या एवढ्या मोठ्या मशिनीले एक फूल पाडता नाही येत? मले म्हातारीले उभं केलं."

"येते. पण ते हवेत मरते."

"मंग मारू नोका. लेकीच्या अंगावर पडू द्या. खांद्यावर पडलं पाह्यजे, असं, टप् करून."

तेवढ्यात काळा पडदा हलला आणि मला त्याची बटणं दिसली. तो माझा कोट होता! माझा काळा कोट, निरोप समारंभाला शिवलेला, तारेवर उलटा टांगलेला! त्याच्या बाहीवर जो चिकट डाग होता त्यावरून मी धोब्याशी भांडलो होतो, त्याचे पैसे कापले होते! मी खुर्चीतून उठणार, एवढ्यात ती पुन्हा बोलायला लागली.

"माह्या लग्नात, भाऊ, एक फूल ह्यायच्या कानामागं अडकलं होतं. सकाळपासून. पंगत उठली, पाहुणे गेले, तरी तिथंच. मी पाहून राह्यली होती."

"सांगतलं नाही तुम्ही?"

"नाही न. काढून फेकलं असतं. चांगले दिसत होते..."

तिथे पडदा निळा झाला.

"पुढचं?" मी विचारलं.

"पुढचं नाही. बॅटरी गेली होती."

आम्ही दोघं त्या निळ्या पडद्याकडे बघत बसलो. खाली टेलरची मशीन चालू होती. मी विचारलं, ही फाइल एवढी वर्षं कशाला ठेवली. नमुना घेऊन झाल्यावर असल्या फाइली पुसून टाकतात, हे मलाही माहीत आहे.

तो माऊसशी खेळत राहिला. "लावतो कव्हा कव्हा," म्हणाला. "आई गेल्यावर घरात कोणी रागावत नाही ना. वहिनी चांगल्या रागावत होत्या."

मग त्यानं पुढचं स्वतःच सांगितलं. बॅटरी गेल्यावर शांता काय काय म्हणाली ते. तिच्या आवाजात नाही, त्याच्याच त्या घोगऱ्या आवाजात, पण तिचे शब्द, तिचं ते वाक्याच्या शेवटी 'बरं' म्हणणं. म्हणाला, "मंग म्हणल्या, आता पुरे करा बरं. कोट काढा, साहेब येतीन. तुमचं तोंड पाहा कसं सुकलं, सकाळपासून काही खाल्लं का नाही? बसा, चाय मांडते." एवढं बोलून तो उठला आणि मागच्या खोलीत गेला. तिथेच तो राहतो, एक पलंग आणि एक गॅस.

भांड्यांचा आवाज येत राहिला. डबे उघडले, मिटले, परत उघडले. बराच वेळ गेला. मी डोळे पुसून घेतले, तो येईपर्यंत पुरेसे कोरडे व्हावेत म्हणून.

"रामटेकेभाऊ," आतून हाक आली, "गिलासात चालंन काय? कप एकच आहे."

"हौ," मी म्हणालो.